टीएलटीवर पुट विकले, त्याची हकीकत

2023 संपत आले तेव्हा माझी जवळजवळ सगळी बचत अमेरिकी सरकारच्या सहा महिन्यांच्या ट्रेझरी बिलांत, म्हणजे अल्पमुदतीच्या सरकारी कर्जरोख्यांत, होती. पाच टक्क्यांच्या वर व्याज मिळत होते, बुडण्याची भीती नव्हती आणि या व्याजावर न्यू जर्सीचा राज्य आयकर लागत नाही. अडचण एकच होती. मुदत संपली की नवे बिल त्या दिवशीच्या दराने घ्यावे लागते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह (फेड) हिने मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात आपला दर शून्याजवळून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेला होता. तो उतरू लागला की माझे व्याजही त्याच्यामागून उतरणार, हे उघड होते. मुलीच्या कॉलेजचे पैसे लागायला अजून बरीच वर्षे होती, म्हणून निदान काही रकमेपुरता आजचा दर लांब मुदतीसाठी बांधून ठेवावा असे माझ्या मनात होते.

लांब मुदत म्हटले की सर्वांच्या तोंडी टीएलटी हे नाव येते. आयशेअर्सचा हा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, जुलै 2002 पासून चालू आहे आणि तो फक्त वीस वर्षांहून जास्त मुदत उरलेले अमेरिकी सरकारी रोखे बाळगतो. खर्च वर्षाला 0.15 टक्के, आणि व्याजाचे वाटप दर महिन्याला. ऑगस्ट 2020 मध्ये त्याचा भाव 170 डॉलरच्या वर होता. ऑक्टोबर 2023 मध्ये तीस वर्षांच्या रोख्याचे यील्ड, म्हणजे आजच्या भावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, पाच टक्क्यांच्या पार गेले, तेव्हा तो 83 डॉलरच्या आसपास आला. म्हणजे जगात सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या कागदाची किंमत तीन वर्षांत निम्म्याहून खाली गेली होती.

माझे बाबा साताऱ्यात असतात. निवृत्तीनंतर मिळालेले पैसे त्यांनी पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले आहेत. फोनवर हे आकडे ऐकून ते म्हणाले, "अगं, सरकारी कागद म्हणतेस, सरकार पैसे बुडवत नाही म्हणतेस, मग भाव निम्मा होतोच कसा?" मी म्हटले, "बाबा, तुमच्याकडे दोन टक्के देणारा तीस वर्षांचा रोखा आहे आणि बाजारात आज पाच टक्के देणारा नवा मिळतोय. तुमचा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? स्वस्त दिलात तरच कोणी घेईल. आणि वर्षे जितकी जास्त उरलेली, तितका जास्त स्वस्त द्यावा लागेल." आंबे काढायच्या झेल्याची काठी हातात थोडी हलली तरी वर टोकाला झेला केवढा हलतो, तसेच हे आहे, असे सांगितल्यावर त्यांना लगेच पटले. बाजारात याला ड्युरेशन म्हणतात. टीएलटीचे ड्युरेशन साधारण सोळा वर्षे आहे. म्हणजे यील्ड एक टक्का वाढले की भाव सुमारे सोळा टक्के पडतो आणि एक टक्का उतरले की तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, चढतो.

आणखी एक गोष्ट बाबांना सांगितली, कारण ती पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. सुटा रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवला तर दर्शनी किंमत हातात येतेच. टीएलटीला मात्र मुदत नाही. एखाद्या रोख्याची उरलेली वर्षे वीसच्या खाली गेली की फंड तो विकतो आणि जास्त मुदतीचा घेतो. त्यामुळे "थांबलो तर मुद्दल परत मिळेल" हा पोस्टातला दिलासा इथे नाही. जो भाव आहे, तो आहे. हे पचवता येत नसेल तर या फंडाकडे वळू नये असे माझे स्पष्ट मत आहे, ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचे करार, तर फार पुढची गोष्ट झाली.

इथल्या आमच्या मंडळात एक काका आहेत. न्यूयॉर्कमधल्या एका बँकेच्या रोख्यांच्या डेस्कवर काम करून ते निवृत्त झाले आहेत. युनिट सरळ विकत घेऊ का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी उलट विचारले, "तुला हा फंड कुठल्या यील्डला हवाय?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी नुसता भाव बघत होते. ते म्हणाले, "आधी यील्ड ठरव. मग त्या यील्डला भाव किती होतो ते काढ. तो भाव आजच्यापेक्षा खाली असला तर पुट विक. भाव तिथे आला तर तुला हवे ते मिळेल, नाही आला तर थांबण्याचे पैसे मिळतील." पुढे मी जे काही केले ते सगळे या सल्ल्यातूनच आले.

पुट विकणे म्हणजे काय, ते आकड्यांतच सांगते. टीएलटीचा एक करार शंभर युनिटांचा असतो. 94 स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा) पुट विकणे म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत समोरच्याने मागणी केली तर शंभर युनिट 94 डॉलरने घेण्याचे वचन देणे. वचनाची किंमत म्हणून प्रीमियम आजच हाती पडतो. माझे 9,400 डॉलर तोवर हमी म्हणून अडकतात. भाव 94 च्या वर राहिला तर प्रीमियम माझा आणि विषय संपला. खाली गेला तर युनिट माझ्या गळ्यात, मग बाजारात ते 90 ला मिळत असोत की 80 ला. सरकारी रोख्यांच्या वायद्यांवरही शिकागोत ऑप्शन चालतात, पण त्यांतला एक वायदा एक लाख डॉलर दर्शनी किमतीच्या रोख्यांचा असतो. घरगुती बचतीला ईटीएफच्या कराराचे मापच सोसते.

ऑप्शनची परवानगी घेण्यासाठी ब्रोकरकडे वेगळा अर्ज करावा लागला. उत्पन्न, एकूण मालमत्ता, गुंतवणुकीचा अनुभव, उद्दिष्ट असे बरेच प्रश्न होते. सोबत ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखमींविषयीची जाड पुस्तिका आली. ती बहुतेक लोक न उघडताच "वाचली" म्हणून टिचकी मारतात. मी ती वाचली, आणि असाइनमेंटवरचे, म्हणजे विकलेला करार बजावला जाऊन वचन पाळावे लागण्याविषयीचे, प्रकरण दोनदा वाचले. परवानगीच्या पायऱ्या असतात. मी सर्वांत खालची मागितली, जिच्यात पूर्ण रक्कम हाताशी ठेवून पुट विकता येतो आणि युनिट जवळ असतील तरच कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाने युनिट घेण्याचा हक्क, विकता येतो. मार्जिन, म्हणजे ब्रोकरचे उसने पैसे, नको असे अर्जातच लिहिले. हमीची रक्कम मनी मार्केट फंडात ठेवलेली चालते का, ते मी आधी ब्रोकरला विचारून घेतले. चालते म्हणाले. ही चौकशी प्रत्येकाने करावी, कारण अडकलेल्या पैशांवर व्याज मिळते की नाही यावर सगळे गणित फिरते.

पहिला करार करण्याआधी बराच काळ मी नुसता बाजार बघितला. या काळात एक वेळापत्रक डोक्यात पक्के बसले. महागाईचा सीपीआय आकडा आणि रोजगाराचा अहवाल सकाळी साडेआठला येतात. तीस वर्षांच्या रोख्याचा लिलाव दुपारी एकला संपतो. फेडचा निर्णय दोनला. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या सुरुवातीच्या सुमारास ट्रेझरी खाते पुढच्या तिमाहीत किती रोखे काढणार ते जाहीर करते. शेअरवाल्यांना या शेवटच्या घोषणेशी सहसा देणेघेणे नसते. रोखेवाल्यांना असते. 1 नोव्हेंबर 2023 ला लांब मुदतीच्या लिलावांची वाढ अपेक्षेपेक्षा कमी ठेवल्याचे जाहीर झाले आणि टीएलटीने तिथून उसळी घेतली. माल किती येणार यावर भाव हलतो, मग तो माल सरकारी कर्जाचा का असेना.

ऑप्शनच्या प्रीमियममध्ये हे वेळापत्रक दडलेले असते. टीएलटीवर दर आठवड्याला अनेक एक्स्पायरी, म्हणजे करार संपण्याच्या तारखा, असतात. सीपीआयच्या आदल्या दिवशी संपणारा करार आणि दोन दिवसांनी संपणारा करार शेजारी ठेवून बघितले की दुसऱ्याची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे प्रीमियममधून दिसणारी अपेक्षित अस्थिरता, जास्त दिसते. सगळ्या रोखेबाजाराची अशी अस्थिरता मोजणारा मूव्ह नावाचा निर्देशांक आहे. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा तो जवळपास 200 पर्यंत गेला होता. शेअरबाजाराचा तसाच निर्देशांक, व्हिक्स, बघून टीएलटीचे ऑप्शन विकणे म्हणजे दुसऱ्या गावचे हवामान बघून पेरणी ठरवणे. मूव्ह बघावा.

18 सप्टेंबर 2024 ला फेडने अर्धा टक्का दर कमी केला. त्या सुमारास टीएलटी 100 च्या आसपास होता. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याआधी बऱ्याच वरच्या स्ट्राइकचे कॉल घेतले होते. हिशेब सरळ होता: दर उतरणार, रोखे चढणार, कॉल कित्येक पट होणार. पण दर उतरणार हे अख्ख्या बाजाराला महिनाभर आधीपासून ठाऊक होते आणि ते भावात येऊन बसले होते. शिवाय फेड ठरवते तो एका रात्रीचा दर. तीस वर्षांचा दर ठरतो तो पुढच्या तीस वर्षांतली महागाई, सरकारची तूट आणि एवढी वर्षे पैसे अडकवण्याचा मोबदला यांवर. निर्णयानंतर टीएलटी उतरू लागला. ते कॉल शून्यावर संपले.

काकांच्या सांगण्याप्रमाणे मी यील्ड ठरवले होते. तीस वर्षांचा दर साडेचारच्या जवळ आला की मला हा फंड हवा होता. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी, 4 तारखेला, नव्या रोजगारांचा आकडा 2,54,000 आला. अपेक्षेपेक्षा खूपच जास्त, म्हणजे दर उतरण्याची आशा कमी. टीएलटी घसरून 96 च्या आसपास आला. पुढच्या आठवड्यात मी 15 नोव्हेंबरच्या एक्स्पायरीचा 94 स्ट्राइकचा एक पुट 1.20 डॉलरला विकला. शंभर युनिटांचे 120 डॉलर. बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांच्यात थोडेच सेंट अंतर होते, तरी मी मधल्या भावाची लिमिट ऑर्डर लावली आणि ती थोड्या वेळाने भरली गेली. या ऑप्शनांत उलाढाल भरपूर असते, घाई करून बिडला माल द्यायची गरज पडत नाही.

तारीख मी मुद्दाम ती निवडली होती. दोन सीपीआय आकडे, 30 ऑक्टोबरची ट्रेझरीची घोषणा, रोजगार अहवाल, 5 नोव्हेंबरची अध्यक्षीय निवडणूक आणि 7 ला फेडची बैठक, एवढे सगळे त्या करारात बसत होते. म्हणूनच प्रीमियम भरघोस होता. मला युनिट हवेच होते, त्यामुळे गोंधळाच्या दिवसांचे पैसे घ्यायला माझी हरकत नव्हती. ज्याला युनिट नको आहेत, नुसता प्रीमियम हवा आहे, त्याने अशी तारीख टाळावी.

मग एकेक दिवस येत गेला. मला सर्वांत जास्त शिकवले ते 1 नोव्हेंबरने. रोजगाराचा आकडा फक्त 12,000 आला. वादळे होती, बोईंगमध्ये संप होता, तरीही एवढा कमी आकडा म्हणजे रोख्यांसाठी चांगली बातमी. सकाळी काही काळ यील्ड उतरलेसुद्धा. संध्याकाळी बघते तर ते आदल्या दिवसापेक्षा वर! बाजाराचे लक्ष निवडणुकीनंतरच्या तुटीकडे लागले होते. चांगली बातमी येऊनही भाव चढत नसेल तर विकणारे कोण आहेत आणि का विकत आहेत याचा विचार करायचा, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले.

निकाल लागला, दुसऱ्याच दिवशी लांब यील्ड उसळले, फेडने आणखी पाव टक्का कमी केला आणि तरीही टीएलटी खालीच. या काळात पुट परत घेऊन पुढच्या तारखेला ढकलण्याचा, म्हणजे रोल करण्याचा, मार्ग होता. पुष्कळ जण सवयीने रोल करत राहतात. मी केले नाही. 94 वजा 1.20 म्हणजे 92.80 ही किंमत मी शांत डोक्याने ठरवली होती आणि तीस वर्षांचा दर माझ्या ठरवलेल्या जागी आला होता. 15 नोव्हेंबरच्या शुक्रवारी भाव 90 च्या आसपास बंद झाला. शनिवारी खाते उघडले तर पुट गेलेला, शंभर युनिट आलेले आणि 9,400 डॉलर वजा झालेले. कुणाचा फोन नाही, विचारणा नाही. एक सेंटनेही पैशात असलेला, म्हणजे बजावल्यास फायदा देणारा, करार एक्स्पायरीला आपोआप बजावला जातो आणि कोणत्या विकणाऱ्याच्या वाट्याला तो जायचा, हे क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि ब्रोकर सोडतीसारख्या पद्धतीने ठरवतात.

पुढची पायरी कव्हर्ड कॉलची, म्हणजे जवळच्या युनिटांवर कॉल विकण्याची. इथे मी स्वतःला एक नियम घालून घेतला: 94 च्या खालचा कॉल विकायचा नाही. भाव 90 असताना 20 डिसेंबरचा 94 चा कॉल विकला तर फक्त 40 सेंट मिळत होते. 91 च्या कॉलला चांगले पैसे होते, पण 91 ला युनिट उचलले गेले असते तर 92.80 ला घेतलेला माल तोट्यात गेला असता, आणि वर उसळी आली तर ती दुसऱ्याची. मी 40 सेंट घेतले.

डिसेंबरच्या सुरुवातीला टीएलटी चढून 94 च्या आसपास आला आणि तेव्हा डिव्हिडंडच्या तारखेकडे लक्ष द्यावे लागले. टीएलटीचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्स्पायरीआधी कधीही बजावता येतात. वाटपाचा दिवस बहुधा महिन्याचा पहिला कामकाजाचा दिवस असतो. डिसेंबरमध्ये मात्र महिन्याच्या उत्तरार्धात आणखी एक येतो आणि मग जानेवारीत नसतो. त्या वेळी वाटप युनिटमागे तीसेक सेंट होते. तुमचा विकलेला कॉल पैशात असेल आणि त्यात उरलेले वेळेचे मूल्य (लगेच बजावून मिळणाऱ्या फायद्यावरची जादा किंमत) या तीस सेंटांपेक्षा कमी असेल, तर कॉलवाला आदल्या दिवशी तो बजावून युनिट आणि व्याज दोन्ही घेऊन जाण्याची शक्यता मोठी. तपासायची सोपी रीत आहे: त्याच स्ट्राइकच्या आणि त्याच तारखेच्या पुटचा भाव बघा. तो वाटपाच्या रकमेपेक्षा कमी असेल तर युनिट जाणार असे धरून चाला. माझ्या बाबतीत तशी वेळ आली नाही. 18 डिसेंबरला फेडने आणखी पाव टक्का उतरवला, पण पुढच्या वर्षी फारशी कपात नसेल असे सूचित केले. टीएलटी धाडकन खाली आला आणि कॉल शून्यावर संपला.

जानेवारी 2025 च्या मध्यापर्यंत चित्र असे होते: सप्टेंबरपासून फेडने एकूण एक टक्का दर कमी केला होता आणि त्याच काळात दहा वर्षांचे यील्ड साधारण 3.6 वरून 4.8 टक्क्यांवर चढले होते. टीएलटी 85 च्या आसपास. बाबा फोनवर म्हणाले, "म्हणजे सरकार व्याज कमी करतंय आणि तुझा रोखा तरीही पडतोय?" हो. तेच. टीएलटीचे ऑप्शन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे चार महिने तारखांसकट एकदा तरी नीट बघावेत. फेड कपात करणार म्हणून टीएलटी चढणार, या एका वाक्यावर लोकांनी फार पैसे घालवले आहेत.

मार्चच्या सुरुवातीला भाव पुन्हा 92 च्या आसपास आला तेव्हा मी 17 एप्रिलचा 94 चा कॉल 85 सेंटला विकला. गुड फ्रायडेमुळे त्या महिन्याची एक्स्पायरी गुरुवारी होती. 2 एप्रिलला आयातशुल्काची घोषणा झाली. शेअरबाजार कोसळला, लोक रोख्यांकडे धावले, दहा वर्षांचे यील्ड चार टक्क्यांच्या खाली गेले. माझा कॉल महागला आणि युनिट 94 ला जातील असे वाटू लागले. मग पुढच्याच आठवड्यात सगळे उलटले. शेअर पडत असताना रोखेही पडू लागले. तीस वर्षांचे यील्ड त्या आठवड्यात जवळपास अर्ध्या टक्क्याने वाढले. शेअर पडले की सरकारी रोखे सावरून धरतात या समजुतीवर कित्येकांची सगळी मांडणी उभी असते, आणि त्या आठवड्यात ती समजूत चालली नाही. 9 एप्रिलला शुल्काला नव्वद दिवसांची स्थगिती मिळाली, तरी लांब यील्ड आठवडा संपेपर्यंत वरच राहिले.

त्या दिवसांत मला स्वस्थ झोप लागली, याचे कारण मार्जिन नव्हते हेच. ऑप्शनचे स्प्रेड (एक घेऊन एक विकण्याच्या जोड्या), उघडे (युनिट जवळ नसताना विकलेले) कॉल, उसन्या पैशांवरचे पुट हे सगळे करणारे लोक हुशार असतात, पण अशा आठवड्यात ब्रोकर त्यांच्या मताची वाट बघत नाही. माझ्याकडे शंभर युनिट होते आणि एक कॉल, जो दिवसेंदिवस स्वस्त होत गेला आणि संपला.

मे महिन्यात आणखी एक पुट विकला. 16 तारखेला मूडीजने अमेरिकेचे पतमानांकन सर्वोच्च पायरीवरून एक पायरी खाली आणले, 21 ला वीस वर्षांच्या रोख्याच्या लिलावाला कमी मागणी आली आणि तीस वर्षांचे यील्ड पाचच्या वर गेले. भाव 84 च्या आसपास असताना जुलैच्या एक्स्पायरीचा 82 चा पुट 1.10 ला गेला. पाच टक्क्यांच्या वरच्या यील्डला आणखी शंभर युनिट घ्यायची माझी तयारी होती. भाव तिथे टिकला नाही, पुट तसाच संपला.

जुलैत मी सगळा हिशेब मांडला. ऑक्टोबरमध्ये 96 ला सरळ युनिट घेतले असते तर भावातच दहाएक डॉलर गेले असते आणि वाटपाचे तीनच्या आत परत आले असते. माझी किंमत 92.80, वर दोन कॉलचे सव्वा डॉलर, दुसऱ्या पुटचे 1.10 आणि अडीच डॉलरच्या आसपास वाटप. युनिटमागे साधारण अडीच डॉलरची तूट राहिली. नुसती ट्रेझरी बिले फिरवत राहिले असते तर काहीही न करता चार टक्क्यांच्या वर दराने व्याज मिळाले असते. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच या व्यवहाराचा विचार करावा. पुट विकल्याने घसरण सौम्य झाली, थांबली नाही. थांबवणे हे त्याचे कामही नाही.

पुण्यातला माझा भाऊ हे सगळे ऐकून म्हणाला, "ताई, मी पण इथून करू का?" नाही. भारतात राहणाऱ्याला उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात आणि त्यातून परदेशी ईटीएफचे युनिट घेता येतात. पण परदेशी बाजारातल्या मार्जिनसाठी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे ऑप्शन विकणे तिथेच संपते. भारतातल्या गिल्ट फंडांवर आणि सरकारी रोख्यांच्या ईटीएफवर असे ऑप्शन चालत नाहीत. राष्ट्रीय शेअर बाजारात सरकारी रोख्यांवर व्याजदराचे वायदे आहेत, पण ते वेगळे प्रकरण. मी त्याला रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सुविधा सांगितली. नोव्हेंबर 2021 पासून तिथे सामान्य माणसाला लिलावात थेट भाग घेता येतो. त्याला लांबचा दर बांधूनच हवा असेल तर सुटा रोखा मुदतीपर्यंत धरणे हा त्याच्यासाठी अधिक स्वच्छ मार्ग आहे. तिथे निदान मुद्दल परत मिळण्याची तारीख छापलेली असते.

आता कराविषयी, कारण इथे मराठी घरांत त्यावर नेहमी गोंधळ होतो. न बजावता संपलेल्या पुटचा आणि कॉलचा प्रीमियम म्हणजे अल्पकालीन भांडवली नफा, आणि तो संपला त्या वर्षाचा. असाइन झालेल्या पुटचा प्रीमियम मात्र वेगळा दाखवायचा नसतो, तो युनिटच्या खरेदी किमतीतून वजा होतो. म्हणजे माझी किंमत 94 नव्हे, 92.80. व्यापक शेअर निर्देशांकांवरच्या ऑप्शनना साठ-चाळीसची (साठ टक्के नफा दीर्घकालीन आणि चाळीस टक्के अल्पकालीन धरण्याची) जी करसवलत मिळते ती टीएलटीच्या ऑप्शनना धरू नये, यांचा हिशेब शेअरवरच्या ऑप्शनसारखाच होतो. तोट्यात युनिट विकून तीस दिवसांच्या आत पुन्हा घेतले, किंवा तसा हक्क देणारा कॉल घेतला, तर वॉश सेलच्या नियमाने तो तोटा लगेच वजा करता येत नाही. मासिक वाटप फॉर्मवर डिव्हिडंड म्हणून येते, पण त्यातला ट्रेझरीच्या व्याजाचा भाग राज्य आयकरातून वगळता येतो. तो किती टक्के, ते फंड वर्षाअखेरीस वेगळ्या पत्रकात देतो. कर भरण्याची संगणकप्रणाली हे आपणहून करत नाही, तो आकडा हाताने भरावा लागतो. माझ्या ओळखीच्या अनेकांनी तो कधीच भरलेला नाही.

युनिट अजून खात्यात आहेत आणि वाटप दर महिन्याला मनी मार्केट फंडात जमा होते. नवा कॉल विकायचा झाला तर 94 चाच, आणि तोही प्रीमियम 40 सेंटांच्या वर असेल तर. नवा पुट मी तीस वर्षांचे यील्ड पुन्हा पाचच्या वर गेल्याशिवाय विकणार नाही. तोवर त्या पुटसाठी बाजूला काढलेले पैसे तेरा आठवड्यांच्या बिलांत आहेत.